खाट मिळाली, सोबत मिळाली का? वसतिगृह, जात आणि मैत्रीचा प्रश्न



बारावीचा निकाल लागला की आमच्या केळवे, सफाळे, पालघर, बोईसर पट्ट्यातल्या कार्यकर्त्यांचे फोन वाजू लागतात. समाजकल्याणच्या हॉस्टेलचा फॉर्म कधी सुटणार? जात पडताळणीची नुसती पावती चालेल का? स्वाधारचे पैसे किती आणि कधी मिळतात? हे सगळे प्रश्न रास्त आहेत आणि त्यांची उत्तरे द्यायला आम्ही बांधील आहोत. पण मुलाला किंवा मुलीला खाट मिळाली की आपण सगळे सुटकेचा श्वास सोडतो आणि विषय संपला असे मानतो. त्या खाटेच्या शेजारच्या खाटेवर कोण असेल, तो आपल्या पोराशी बोलेल का, ताटाला ताट लावून जेवेल का, आजारपणात दवाखान्यात नेईल का, परीक्षेच्या आधी नोट्स देईल का, हे कोणी विचारत नाही. आमचे म्हणणे असे की हा प्रश्नही फॉर्म आणि शिष्यवृत्तीइतकाच चळवळीचा आहे.

"मैत्री ही ज्याची त्याची खासगी बाब, त्यात चळवळीचे काय काम?" असे आपलेच काही सुशिक्षित मित्र म्हणतात. या लेखात आम्ही त्यालाच उत्तर देणार आहोत.

एका बाकावर, पण वेगवेगळ्या आळ्यांत

आधी आपल्याच भागाकडे बघू. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झालेला आमचा पालघर जिल्हा. २०११ च्या जनगणनेच्या हिशेबाने इथली एक तृतीयांशाहून जास्त लोकसंख्या आदिवासी आहे. किनाऱ्याला वाडवळ, भंडारी, मांगेला. आत वारली, कातकरी, मल्हार कोळी. गावोगावी छोटीशी बौद्धवाडी. आणि बोईसर-तारापूरच्या एमआयडीसीमुळे देशभरातून आलेला कामगार. शाळेत ही सगळी पोरे एका बाकावर बसतात, क्रिकेटही एकत्र खेळतात. पण शाळा सुटली की ज्याची त्याची आळी, ज्याचा त्याचा पाडा. एकमेकांच्या उंबऱ्याच्या आत, चुलीपर्यंत गेलेली पोरे किती? मोजायला गेलो तर फार थोडी सापडतील.

म्हणजेच, वेगळ्या जातीच्या माणसाबरोबर एका छताखाली झोपणे, उठणे, जेवणे, आंघोळीच्या रांगेत उभे राहणे हा अनुभव बहुतेक महाराष्ट्रीय मुलांना आयुष्यात पहिल्यांदा येतो तो वसतिगृहात. हे आपल्या पोरांना लागू आहे तसेच सवर्ण पोरांनाही लागू आहे. फरक इतकाच की त्या नव्या घरात कोण कोणाच्या रीतीने राहायचे हे आधीच ठरलेले असते. भाषा त्यांची, चेष्टामस्करीची पद्धत त्यांची, जेवणाचे नियम त्यांचे, सणवार त्यांचे. आपल्या पोराने सुके बोंबील डब्यातून आणले तर अख्ख्या मजल्याला वास येतो. दुसऱ्याच्या उदबत्तीचा मात्र कोणाला त्रास होत नाही. गणपतीच्या वर्गणीला सगळ्यांच्या दारावर थाप पडते. १४ एप्रिलच्या जयंतीला मात्र "हॉस्टेलमध्ये राजकारण नको" हा नियम आठवतो.

ज्यांना वसतिगृह मिळतच नाही त्यांची गोष्ट आणखी वेगळी. २०१३ साली डहाणूपर्यंत लोकल आली आणि आमच्याकडची शेकडो मुले विरार, वसई, बोरिवली, अंधेरीपर्यंत अप-डाऊन करू लागली. शिक्षण हाताशी आले हे खरेच. पण डहाणूची गाडी काही दर दहा मिनिटांनी नसते. शेवटचे लेक्चर संपले की केळवे रोडचा पोरगा स्टेशनकडे पळतो. कँटीनमधल्या गप्पा, संध्याकाळची चर्चा, नाटकाची तालीम, कोणाच्या तरी खोलीवर रात्रभर चाललेला अभ्यास, यातले काहीच त्याच्या वाट्याला येत नाही. तीन वर्षांनी त्याच्याकडे पदवी असते, पण पदवीबरोबर मिळायला हवी ती माणसे नसतात.

मैत्रीतून काय मिळते?

समाजशास्त्रात पिएर बोर्द्यू नावाच्या फ्रेंच अभ्यासकाने सामाजिक भांडवल ही कल्पना मांडली. पैशासारखीच ओळखीपाळखीही पिढ्यान्‌पिढ्या साठत जाते आणि वारशाने मिळते, असा तिचा साधा अर्थ. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली दाखवून दिले की नोकरीची, संधीची नवी माहिती बहुतेकदा घरच्यांकडून किंवा जिवलगांकडून येत नाही; ती थोड्या लांबच्या ओळखीतून येते. कारण उघड आहे. जे आपल्याला ठाऊक असते तेच आपल्या जवळच्यांना ठाऊक असते. नवे काही कळायचे असेल तर आपल्या वर्तुळाबाहेरचा माणूस ओळखीचा हवा.

आता हे आपल्या पोराला लावून बघा. त्याच्या घरी बाप तारापूरच्या कारखान्यात कंत्राटी कामगार, आई वाडीत मजुरीला. इंटर्नशिप म्हणजे काय, फेलोशिपचा अर्ज कसा लिहितात, कोणत्या प्राध्यापकाकडे प्रकल्प करावा, मुलाखतीला काय विचारतात, हे त्याला घरातून कळणार नाही. शेजारच्या खाटेवरच्या पोराला ते चहा पिता पिता मामाकडून कळलेले असते. त्या दोघांत मैत्री झाली तर माहिती इकडे येते. नाही झाली तर आपला पोरगा चार वर्षे त्याच इमारतीत राहूनही बाहेरचाच राहतो. म्हणून आम्ही म्हणतो की कोणाची कोणाशी मैत्री होते हा वाटणीचा प्रश्न आहे, आणि वाटणीचा प्रश्न खासगी नसतो.

बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी जे भाषण लिहिले आणि जे त्यांना करू दिले गेले नाही, त्यातही हाच विचार आहे. समाजाच्या एका भागात घडलेला बदल, एका भागाला मिळालेले ज्ञान दुसऱ्या भागांपर्यंत झिरपायला वाटा हव्यात; लोकांनी अनेक ठिकाणी, अनेक कारणांनी एकमेकांत मिसळले पाहिजे; तसे मिसळणे म्हणजेच लोकशाही. कोलंबियातले त्यांचे गुरू जॉन ड्यूई यांच्या विचाराला बाबासाहेबांनी जातीच्या प्रश्नावर आणून धार दिली. वसतिगृह ही अशी वाट होऊ शकते, आणि तिथेच भिंतही उभी राहू शकते.

एक खोली न्यूयॉर्कची, एक खोली बडोद्याची

याचे सगळ्यात बोलके उदाहरण बाबासाहेबांचेच आयुष्य आहे. १९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे काही दिवसांनी लिव्हिंग्स्टन हॉल या विद्यार्थी निवासात नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याबरोबर राहू लागले. ही मैत्री आयुष्यभर टिकली. पुढे १९२० साली अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करायला लंडनला जायचे ठरले तेव्हा शाहू महाराजांनी मदत केली आणि याच नवल भथेनांनी पाच हजार रुपये उसने दिले. १९२० सालचे पाच हजार! बॅरिस्टर आंबेडकर आणि डी.एस्सी. आंबेडकर घडण्यात त्या खोलीतल्या मैत्रीचा वाटा आहे.

आता दुसरी खोली. १९१७ साली तेच आंबेडकर बडोदा संस्थानात नोकरीला गेले. हॉटेलात कोणी घेईना म्हणून पारशी धर्मशाळेत नाव बदलून, पारशी म्हणवून राहिले. काही दिवसांत बातमी फुटली आणि लाठ्या घेतलेल्या पारशांनी त्यांना तिथून हुसकावून लावले.

मित्रांनो, दोन्हीकडे समोरचा माणूस पारशीच आहे. मग फरक कशाचा? न्यूयॉर्कच्या खोलीवर बाबासाहेबांचा हक्क होता. विद्यार्थी म्हणून, नावानिशी, दुसऱ्या कोणत्याही विद्यार्थ्याच्या बरोबरीने. बडोद्याच्या खोलीत त्यांना ओळख लपवून शिरावे लागले आणि ती उघड झाल्यावर पाठीशी उभा राहील असा कोणताही नियम, कोणताही अधिकारी नव्हता. एका ठिकाणी बरोबरी आधी आली म्हणून मैत्री होऊ शकली. दुसऱ्या ठिकाणी बरोबरीच नव्हती, तिथे मैत्रीला जागाच उरली नाही.

आजही कितीतरी मुले हॉस्टेलमध्ये आडनाव अर्धेच सांगतात, गावाचे नाव सांगताना वाडीचे नाव गाळतात, बाबासाहेबांचा फोटो भिंतीवर न लावता पाकिटात ठेवतात. त्यांना भेकड म्हणणाऱ्यांत आम्ही नाही. ज्या ठिकाणी ओळख सांगण्याची किंमत मोजावी लागते तिथे ओळख लपवणारा दोषी नसतो, ती किंमत लावणारा दोषी असतो. पण लपवून जोडलेली मैत्री सतत धाकात जगते, हेही त्या मुलांना सांगितले पाहिजे.

आजची वसतिगृहे काय सांगतात?

"आता कुठे राहिली जात?" असे विचारणाऱ्यांसाठी थोडी उजळणी. दिल्लीच्या एम्समधल्या भेदभावाची चौकशी करणाऱ्या प्रा. सुखदेव थोरात समितीने २००७ साली अहवाल दिला. अनुसूचित जाती-जमातीचे विद्यार्थी त्रासाला कंटाळून खोल्या बदलतात आणि ठरावीक वसतिगृहांच्या वरच्या मजल्यांवर एकत्र गोळा होतात, हे त्यातून पुढे आले. देशातल्या सगळ्यात मोठ्या वैद्यकीय संस्थेत गावकुसाबाहेरची वस्ती तयार झाली होती, फक्त ती वरच्या मजल्यावर होती.

हैदराबाद केंद्रीय विद्यापीठात रोहित वेमुला आणि त्याच्या चार साथीदारांना वसतिगृहातून बाहेर काढले गेले. त्यांनी उघड्यावर तंबू ठोकला आणि त्याला नाव दिले वेलिवाडा, म्हणजे गावाबाहेरचा दलितवाडा. १७ जानेवारी २०१६ रोजी रोहित गेला. शिक्षा कोणती दिली गेली ते लक्षात घ्या. परीक्षेला बसू नका असे सांगितले गेले नाही. चारचौघांत राहू नका असे सांगितले गेले. बहिष्कार म्हणतात तो हाच.

आपल्या मुंबईत, नायर रुग्णालयाच्या टोपीवाला महाविद्यालयात जळगाव जिल्ह्यातली डॉ. पायल तडवी स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत होती. २२ मे २०१९ रोजी वसतिगृहाच्या खोलीत तिने जीवन संपवले. जातीवरून टोमणे, रुग्णांसमोर अपमान, छळ असे आरोप कुटुंबाने केले आणि तिच्याच विभागातल्या तीन वरिष्ठ महिला डॉक्टरांवर गुन्हा दाखल झाला. निकाल न्यायालय देईल. पण एक गोष्ट निकालाआधीही दिसते. तडवी भिल्ल समाजातली ही मुलगी एमबीबीएस होऊन तिथवर पोहोचली होती, म्हणजे गुणवत्तेचा प्रश्न तिने कधीच सोडवला होता. कमी होती ती दिवसभराची ड्यूटी संपल्यावर मन मोकळे करायला, सोबत उभे राहायला माणसांची.

आयआयटी मुंबईत १२ फेब्रुवारी २०२३ रोजी दर्शन सोलंकी हा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी गेला. जात कळल्यावर मित्रांचे वागणे बदलले, असे त्याच्या कुटुंबीयांनी सांगितले. संस्थेच्या समितीला जातिभेदाचा पुरावा सापडला नाही आणि पोलीस तपासाची दिशा पुढे वेगळीही गेली. त्या वादात आम्ही इथे जात नाही. पण त्याच वर्षी संस्थेला विद्यार्थ्यांसाठी सूचना काढावी लागली की एकमेकांना जात किंवा प्रवेश परीक्षेतला रँक विचारू नका. जे घडतच नाही त्याला मनाई कोण कशाला करेल? आणि त्याच वर्षी तिथल्या तीन वसतिगृहांच्या मेसमध्ये सहा टेबले शाकाहारींसाठी राखून ठेवली गेली. त्याचा निषेध केला म्हणून दहा हजार रुपयांचा दंड झाला.

टेबल ही छोटी बाब वाटते. पण जेवणाची पंगत वेगळी करणे हे जातीचे पहिले काम आहे, हे महाडच्या तळ्याचे पाणी चाखलेल्यांना कोणी शिकवायला नको. नुसत्या सहभोजनाने जात मरत नाही असे बाबासाहेबांनीच सांगितले होते. आम्हालाही तसा भ्रम नाही. मात्र एकत्र जेवून जे साधत नाही ते वेगळे जेवून साधेल, असे तर कोणी म्हणू शकत नाही ना?

शासनही यात मागे नाही. २०१८ साली आदिवासी विभागाने अनेक वसतिगृहांतली मेस बंद करून जेवणाचे पैसे खात्यावर टाकायचे ठरवले. त्याविरुद्ध आदिवासी विद्यार्थ्यांनी पुण्याहून नाशिककडे पायी मोर्चा काढला. पैसे पुरत नाहीत, वेळेवर येत नाहीत, ही तक्रार होतीच. शिवाय मेस बंद झाली की पंगतही मोडते. जो तो आपापल्या खोलीत वडापाव खाऊन झोपतो. स्वाधार योजनेचेही तेच. पैसे जरूर मिळावेत, वेळेवर मिळावेत. पण ते वसतिगृहाला पर्याय होऊ शकत नाहीत. खात्यावर रक्कम येते, सोबती येत नाहीत.

आपले वसतिगृह की सगळ्यांचे?

इथे एक जुना वाद उभा राहतो. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून निरनिराळ्या जातीधर्मांसाठी वेगवेगळी वसतिगृहे उभी करायला मदत केली. १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्या वसतिगृहाच्या कार्यक्रमाला गेला म्हणून एका विद्यार्थ्याला जैन बोर्डिंगच्या व्यवस्थापकांनी आंघोळ करायला सांगितले. तो आंघोळ करीना, म्हणून त्याला बोर्डिंग सोडावे लागले, असे त्याची चरित्रे सांगतात. तो विद्यार्थी म्हणजे पुढचे कर्मवीर भाऊराव पाटील. त्यांनी साताऱ्यात १९२४ साली सगळ्या जातींच्या मुलांचे एकच वसतिगृह काढले. मुले एकत्र राहत, एकत्र राबत, एकत्र जेवत. ते चालवायला लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले.

त्याच सुमारास, २० जुलै १९२४ रोजी बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि जानेवारी १९२५ मध्ये सोलापूरला वसतिगृह सुरू केले. तिथल्या मुलांनी मासिकसुद्धा चालवले. पुढे औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाच्या वसतिगृहांनी दलित साहित्याला लेखक दिले आणि वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहातल्या बैठकांतून १९७२ च्या दलित पँथरची पिढी उभी राहिली.

मग खरे कोण? शाहू-बाबासाहेब की भाऊराव? आमच्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे. आपले वसतिगृह पोराला ताठ उभे राहायला शिकवते. तिथे त्याला आडनाव लपवावे लागत नाही, जयंतीला परवानगी मागावी लागत नाही, आधी गेलेला दादा-ताई वाट दाखवायला असतो. सगळ्यांचे वसतिगृह त्याला बरोबरीने वावरायला शिकवते आणि समोरच्यालाही माणूस म्हणून वागायला भाग पाडते. पहिल्याशिवाय दुसऱ्यात गेलेला पोरगा एकटा पडतो. पहिल्यातच थांबलेला पोरगा आपल्याच वर्तुळात फिरत राहतो. "तुम्हीच गट करता" असा आरोप आपल्यावर होतो. त्यावर आमचे उत्तर आहे की ज्याला दार उघडले जात नाही तो ओसरीवर आपल्या माणसांबरोबर बसणारच. आधी दार उघडा, मग गटाबद्दल बोला.

पण एक प्रश्न आपण आपल्यालाही विचारला पाहिजे. आपल्या बौद्ध पोरांच्या ग्रुपमध्ये जव्हार-मोखाड्याहून आलेला कातकरी मुलगा असतो का? वारली मुलीच्या भाषेची नक्कल करून हसणाऱ्यांत आपली मुले नसतातच का? मातंग, चर्मकार, भटके, मुस्लिम मुले आपल्या जयंतीच्या समितीत की फक्त प्रेक्षकांत? मैत्रीचा नियम वरच्यांनी आपल्याला लावावा आणि आपण खाली लावू नये, असे चालणार नाही. बुद्धाची मैत्री उतरंड मानत नाही.

आणि मुलींचे काय? मुलांच्या हॉस्टेलला रात्री दहाचे बंधन, मुलींच्या हॉस्टेलचे दार सातला बंद. ग्रंथालय, अभ्यासगट, शिबिर, मोर्चा, सगळे सातनंतर. घरचे सांगतात, कोणाशी बोलू नकोस, अभ्यास कर आणि ये. सावित्रीमाईचा फोटो लावणाऱ्या घरांतही हेच ऐकू येते. आपल्या मुलीला शिक्षण द्यायचे पण माणसे जोडू द्यायची नाहीत, तर आपण तिला अर्धेच शिक्षण देतो.

काय करायचे?

आमच्या मागण्या साध्या आहेत, आणि काही कामे आपली आपणच करायची आहेत.

पहिली मागणी, पहिल्या वर्षी खोल्या चिठ्ठ्या टाकून वाटा. रँक, गुण, ओळख किंवा "आम्ही मित्र एकत्र राहतो" या अर्जावर नको. निवड करायला सोडले की आडनावे आडनावांकडे जातात. दुसऱ्या वर्षापासून खुशाल निवडू द्या. मैत्री कायद्याने होत नाही हे आम्हालाही कळते; पण ती होण्याची संधी नियमाने देता येते. मात्र कोणाला त्रास झाला तर तक्रारदाराला खोलीबाहेर काढायचे नाही, त्रास देणाऱ्याला हलवायचे.

दुसरी, मेस एक, पंगत एक. ज्याला जे खायचे ते त्याने खावे. टेबलाला जात नको.

तिसरी, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या समानतेच्या नियमांनी भेदभावविरोधी अधिकारी आणि समान संधी कक्ष सांगितलेला आहे. वसतिगृह, मेस, वाचनालयात वेगळे वागवणे त्यात मना आहे. हे कागदावरच राहिले म्हणून २०१९ साली राधिका वेमुला आणि आबेदा तडवी या दोन आया सर्वोच्च न्यायालयात गेल्या. तुमच्या कॉलेजात त्या अधिकाऱ्याचे नाव आणि फोन नंबर फलकावर आहे का, हे या आठवड्यात जाऊन बघा. नसेल तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

चौथे काम आपले. प्रत्येक तालुक्यातून कोण कुठल्या कॉलेजात, कुठल्या वसतिगृहात आहे याची यादी करा. नव्याने जाणाऱ्या प्रत्येक मुला-मुलीला तिथला किंवा जवळचा एक दादा, एक ताई ठरवून द्या. पहिल्या महिन्यात दर आठवड्याला एक फोन. "अभ्यास कसा चाललाय" याच्या आधी विचारा, "जेवायला कोणाबरोबर बसतोस?" उत्तर "एकटाच" असे येत राहिले तर वाट बघू नका, जाऊन भेटा.

पाचवे, अप-डाऊन करणाऱ्यांसाठी. रविवारी वंदनेनंतर विहार रिकामे पडते. तिथे अभ्यासिका चालू करा आणि तिचे दार पाड्यावरच्या मुलांनाही उघडे ठेवा. कॉलेजात जी संध्याकाळ मिळत नाही ती इथे देता येईल.

स्वातंत्र्य आणि समता यांच्यासाठी आपण कोर्टात जातो, रस्त्यावर उतरतो. तिसरे तत्त्व, बंधुता, आपण भाषणाच्या शेवटी घाईघाईने उच्चारतो. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बजावले होते की ही तीन तत्त्वे एकमेकांपासून तोडता येत नाहीत. बंधुता आपोआप उगवत नाही, तिला एकत्र राहण्याची जागा लागते. पुढच्या प्रवेशाच्या वेळी फॉर्म भरून देताना त्या जागेचीही चौकशी करा, आणि ती नसेल तर तिच्यासाठी भांडा.

जय भीम! नमो बुद्धाय!